उघड्या कानांचं बजेट

“कानात बोळे घालून हिंडतेस, अन् मंग म्हनतेस मले आयकू नाही आलं!”

हे वाक्य माझ्या मामीचं. स्थळ : चोरखमारा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया. वेळ : पहाटेचे सव्वापाच. आणि प्रसंग असा, की आठवला तरी अजून हाताचे तळवे ओले होतात.

चोरखमारा हे माझं आजोळ. नागझिऱ्याला जे सफारीला गेले असतील त्यांना नाव माहीत असेल, कारण जंगलात शिरायच्या गेटांपैकी एक आमच्या गावचं. बाकीच्यांना नाव ऐकून हसू येतं. (फर्स्ट इयरला इंट्रो देताना मी गावाचं नाव सांगितलं, तेव्हापासून बॅचमध्ये पेन हरवलं की सगळे माझ्याकडे बघतात. असो.) गावाला लागून मोठा तलाव, तलावापलीकडे जंगल. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगल मात्र त्या तारखांच्या कितीतरी आधीपासून तिथंच आहे, आणि आमच्या मामाची बांधीही. बांधी म्हणजे धानाचं शेत. त्या बांधीच्या धुऱ्यावर चार मोहाची झाडं आहेत. गोष्ट त्यातल्या तिसऱ्या झाडाची.

मागच्या एप्रिलमध्ये पीएल लागली आणि मी अभ्यासाला चोरखमाऱ्याला गेले. हॉस्टेलवर अभ्यास होत नाही हे जगजाहीर आहे. तिरोडा स्टेशनवर बसून कंट्रोल सिस्टीम्सची सगळी लेक्चर्स डाउनलोड करून घेतली, कारण गावात नेटवर्क स्वतःच्या मर्जीने येतं. माझ्याकडे तेव्हा कानाच्या आत घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज कापून टाकणारे इअरबड्स होते. दादाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेले. नॉइज कॅन्सलेशनवाले! मला त्यांचा भयंकर अभिमान होता.

मोह रात्रीपासून गळायला लागतो आणि पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. गुरं, हरणं यायच्या आत तो वेचावा लागतो. मामी आणि शेजारच्या दोन काकू रोज पाचला निघायच्या. “मी पण येते” म्हणून मीही टोपली घेतली. बायकांची बडबड सुरू होती. कोणाच्या सुनेचं काय, कोणाचं लग्न कुठं जमलं... आणि तीही इतक्या मोठ्या आवाजात, की मला वाटलं, एवढ्या सकाळी एवढी एनर्जी येते कुठून! मी दोन्ही कानांत बड्स घातले, कॅन्सलेशन ऑन केलं आणि रूट लोकस लावला. बडबड गायब. सर सांगत होते की पोल डाव्या अर्ध्या भागात असेल तर सिस्टीम स्टेबल. मी मान डोलवत, त्या तिघींच्या पंधरा-वीस पावलं पुढं चालत होते.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. आधी वानरं खकरली. मामी आणि काकू जागच्या जागी थांबल्या. मी थांबले नाही. मामीने हाक मारली. मग दोन्ही काकूंनी मारली. मी चालतेच आहे, सर बोलताहेत, सिस्टीम स्टेबल आहे. शेवटी मामी पळत आली आणि तिने माझी वेणी मागून अशी ओढली की एक बड कानातून उडून धुऱ्यावर पडला. मी चिडून वळणार, तेवढ्यात उघड्या झालेल्या त्या एका कानात समोरून आवाज आला. नाकातून जोरात फुरफुर केल्यासारखा. तिसऱ्या मोहाखाली मला जे काळं पोतं वाटलं होतं, ते हललं.

अस्वल!

त्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, ‘हुफ्’ केलं, आणि वळून जंगलाच्या बाजूला पळालं. बस्स, एवढंच. कोणाला काही झालं नाही. मोहाच्या दिवसात अस्वल माणसावर धावून गेल्याच्या बातम्या आमच्या भागात निघतात, त्यातली आमची बातमी झाली नाही. पण मामी धुऱ्यावर मटकन बसली आणि कितीतरी वेळ तिला उठताच येईना. हात थरथरत होते तिचे. त्या दिवशी कोणीच मोह वेचला नाही. तिघींची एका दिवसाची कमाई गेली, माझ्यामुळे.

दुपारी आबाजींनी मला जे सांगितलं ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. अस्वलाची नजर तशी अधू, आणि खाण्यात दंग असलं की त्याला आजूबाजूचं भान नसतं. माणूस अचानक अगदी जवळ आला की ते घाबरतं, आणि घाबरलं की अंगावर येतं. म्हणून मोहाला जाताना बायका मोठमोठ्यानं बोलत जातात. “आमी येऊन रायलो, तू जाय बापा,” असं त्याला सांगत जातात. म्हणजे ती बडबड नव्हतीच! ती आमची घंटी होती. आणि मी नेमकी तीच ‘नॉइज’ समजून कॅन्सल केली होती. पुढं चालून त्या आवाजापासून लांब गेले ते वेगळंच.

आबाजींनी बड्स काढून घेतले नाहीत. उलटं विचारलं, “कान उघडे रायतील अन् तुये सर भी बोलतील, असं काही येत नाही का वो?”

येतं की! ओपन-इअर. माहीत होतं, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. आता लक्ष दिलं. मोहाचा हंगाम संपल्यावर मामीने माझ्या हातावर बाराशे रुपये ठेवले होते. “तुया वाट्याचे,” म्हणाली. टोपलीभर ओला मोह वाळला की किती थोडा उरतो ते मी तोवर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे ते बाराशे माझ्यासाठी साधे बाराशे नव्हते. त्यात माझे मेसच्या बिलातून वाचवलेले सहाशे. एकूण बजेट अठराशे!

या बजेटमध्ये मार्केटमध्ये काय मिळतं ते शोधण्यात माझे दोन महिने गेले (सबमिशनच्या वेळी असं व्हायलाच पाहिजे, नियमच आहे). पहिली गोष्ट कळली ती अशी, की ‘ओपन-इअर’ या एका नावाखाली दोन वेगळे प्राणी विकले जातात. एक खरं बोन कंडक्शन. ते कानासमोरच्या हाडाला कंप देतं, आणि तो कंप कवटीतून थेट आतल्या कानापर्यंत जातो. दुसरा प्रकार म्हणजे एक छोटासा स्पीकर, जो कानाच्या भोकात न जाता भोकासमोर लटकतो. चांगलं बोन कंडक्शन माझ्या बजेटच्या फार वर आहे. स्वस्तात मिळणारे बहुतेक सगळे दुसऱ्या प्रकारचे. यात वाईट काही नाही, पण काही डब्यांवर दुसऱ्या प्रकारालाही बिनधास्त ‘बोन कंडक्शन’ छापलेलं असतं. ओळखायचं कसं? सोपं आहे. आवाज चालू ठेवून दोन्ही कानांत बोटं घाला. आवाज बारीक झाला तर तो स्पीकर. आवाज उलट भरदार झाला तर खरं बोन कंडक्शन, कारण हाडातून आलेला आवाज बंद कानातून बाहेर निसटू शकत नाही. दुकानात मी हा प्रयोग केला, तेव्हा काउंटरवरचे काका माझ्याकडे ‘कुठल्या ग्रहावरून आली’ अशा नजरेनं बघत होते. डब्यावर बोन कंडक्शन, आणि बोटं घातल्यावर आवाज गुल! मी डबा परत ठेवला.

दुसरी गोष्ट, बास. ज्यांना ढोलाचा ठोका छातीत हवा त्यांनी हा नाद सोडावा. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी होते जवळजवळ सात मीटर. कानाचं भोक बंद असलं की एवढासा स्पीकरही आतली हवा दाबू शकतो. भोक उघडं असलं की तो दाब बाहेर निसटतो आणि बास हवेत विरतो. पण मला ऐकायचे होते सर! जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये आपली आख्खी आजी ऐकू यायची, रुसलेली आहे का तेही कळायचं. मग लेक्चरला बास कशाला?

तिसरी गोष्ट डब्यावरच्या आयपी नंबराची. मला वाटायचं ‘आयपीएक्स ४’ म्हणजे भारी. तर तो ४ म्हणजे फक्त पाण्याचे शिंतोडे. आणि त्यातला ‘एक्स’ म्हणजे धुळीची परीक्षाच दिलेली नाही! आपल्या भाषेत ‘ॲबसेंट’. ज्यांच्या मामाकडे दिवाळीनंतर मळणी निघते आणि धानाचा कोंडा नाकातोंडात जातो, त्यांनी एक्सच्या जागी आकडा आहे का ते बघावं. ‘आयपी ५५’ असेल तर उत्तम.

एवढं ज्ञान झालं, पण पैसे टाकायची हिंमत होईना. मामीचे बाराशे होते ना त्यात. शेवटी दिवाळीच्या सुटीत रूमपार्टनरने तिची स्वस्तातली जोडी मला वापरायला दिली. अट एकच, फराळ आणायचा.

पहिली ट्रायल इतवारीहून गोंदियाच्या गाडीत. सपशेल फेल! खिडकी उघडी, चाकांचा खडखडाट, समोर दोन लहान मुलं आणि मागे पत्त्यांचा डाव. उघड्या कानांतून हे सगळं आत येतं आणि बिचारे सर त्यात बुडून जातात. मी आवाज वाढवत वाढवत शंभर टक्क्यांवर नेला. तेव्हा शेजारच्या काकूंना सर ऐकू यायला लागले, मला नाही. आणि हे चांगलंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास चालतो, पण प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. म्हणजे गाडीत उघडे कान ठेवून आवाज वाढवणारा माणूस बंद कानवाल्यापेक्षा जास्त नुकसान करून घेऊ शकतो. गाडीसाठी दादाचे बड्सच बरे, हे तिरोडा यायच्या आत ठरलं.

चोरखमाऱ्यात मात्र जादू झाली. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर लेक्चर लावून बसले. सर बोलताहेत आणि त्याच वेळी टिटवी ओरडतेय, पाण्यावर बदकं उतरल्याचा छपछप आवाज येतोय, मागून सायकल येतेय. आणि सायकल मागून, डावीकडून येतेय हेसुद्धा कळतंय! आपल्या दोन कानांत आवाज पोचण्यात जास्तीत जास्त फरक पडतो तो सेकंदाच्या साधारण सहा दशहजारांश भागाचा. मेंदू त्यावरून डावं-उजवं ठरवतो, आणि पुढं-मागं, वर-खाली ठरवायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. बड्स घातले की त्या वळ्यांचं काम बंद. हे सगळं आपल्याला फुकट मिळालंय आणि मी पैसे देऊन बंद केलं होतं!

घरी आबाजींनी जोडी स्वतःच्या कानाला लावली. मी त्यांना झाडीपट्टीचं एक नाटक लावून दिलं. एरवी बड्स घातलेला माणूस ओरडून बोलतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज नीट कळत नाही. आबाजी नाटक ऐकता ऐकता अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “चहा ठेव वो.” मग दोन तास जोडी मला परत मिळाली नाही. चार्जिंग संपल्यावर मिळाली.

झालं, घ्यायचंच! मी ऑर्डर द्यायला निघाले होते. पण तिसरा मोह डोक्यातून जाईना. आपण इंजिनिअर ना? मग टेस्ट घेऊ. मामीला घेऊन बांधीवर गेले, भर दुपारी, आणि मामाला लक्ष ठेवायला उभं करून. मी पाठ करून उभी. मामी तीस पावलं मागं. तिने मला कळू न देता, मनात येईल तेव्हा दहा वेळा हाक मारायची, आणि मी ऐकली की हात वर करायचा. कानात काही नसताना दहापैकी दहा. ओपन-इअर लावून, आवाज कमी ठेवून नऊ. मी खूश! मग मी म्हटलं, हाक नको, मामी, तू आता वाळलेल्या पानांवर फक्त पाय घास. जसं जनावर चालतं तसं.

कानात काही नसताना आठ. लेक्चर चालू असताना तीन.

मला पटेना. आवाज अजून कमी केला. चार. मग मी एक चावटपणा केला. त्याच आवाजात, सरांच्या जागी मला अजिबात न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या लावल्या. सात! कान तेच, यंत्र तेच, आवाजाची पातळी तीच. फक्त बातम्या मला समजत नव्हत्या, म्हणून त्या माझं लक्ष मागत नव्हत्या. सर मागत होते. (दहा-दहा वेळांची टेस्ट म्हणजे काही रिसर्च पेपर नव्हे, हे मला माहीत आहे. एक्स्टर्नलसारखे प्रश्न विचारू नका.)

नंतर वाचलं तर या गोष्टीचा अभ्यास फार जुना निघाला. १९५३ मध्ये कॉलिन चेरी नावाच्या शास्त्रज्ञाने लोकांना दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकच भाषण सोबत म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते लोकांना जवळजवळ सांगताच आलं नाही. पुढं १९५९ मध्ये मोरे यांच्या प्रयोगात दिसलं, की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव उच्चारलं तर काहींना ते कळतं, पण तेही साधारण तिघांतल्या एकाला. आणि अस्वल काही आपल्याला नावाने हाक मारत नाही.

म्हणजे डब्यावर जे लिहिलंय, ‘बाहेरच्या जगाचं भान ठेवा’, ते अर्धंच खरं आहे. ते यंत्र कानाचं दार उघडं ठेवतं. पण दारात कोणी बसलेलं नाही, कारण बसणारी आत रूट लोकस काढतेय.

गावातले एक गाईड दादा आमच्याकडे येतात, त्यांना मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते हसायला लागले. म्हणाले, “आमी टुरिस्टायले काय सांगतो? बोलू नका. चितळ ओरडलं तं लगेच भुलू नका, ते उगाच भी घाबरते. वानर झाडावरून पायते, त्यानं हाक देल्ली तं पक्कं समजा. सांबरानं पोंक केलं तं गाडी बंद करा.” म्हणजे नुसतं ऐकू येणं पुरत नाही. कोणाचा आवाज, किती भरवशाचा, कुठल्या दिशेला, हे सगळं ते डोक्यात एकाच वेळी चालवतात. त्यात माझे सर मावणार कुठं?

तर मी हिशोब मांडला. हॉस्टेलवर घ्यायचं का? घ्यायचं, मेसच्या रांगेत आणि कपडे धुताना लेक्चर ऐकता येतं आणि वॉर्डनची हाकही येते. कॅम्पसमध्ये सायकलवर? इथं मी आधी ‘हो’ लिहिलं होतं, टेस्टनंतर खोडलं. हॉर्न ऐकू येईल, पण मागून येणाऱ्या ई-रिक्षाचं काय? ती तर पानावर पाय घासल्यासारखीच येते. घरी, आबाजींशेजारी बसून अभ्यास करताना? हे सगळ्यात मोठं ‘हो’. बड्स घातले की आबाजी बोलणंच टाळायचे, मला कळायचंही नाही की त्यांना काही सांगायचं होतं. आणि पहाटे पाचला, बांधीवर? तिथं काहीच नाही. अठराशेचं नाही आणि अठरा हजारांचंही नाही.

मामीचे पैसे तिच्याच बांधीवर न चालणाऱ्या वस्तूवर घालवायचे, हे मनाला टोचत होतं. तिला स्पष्ट सांगितलं की मामी, हे घालून मी मोहाला येऊ शकत नाही, मग घेऊ का नको? ती धान पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “तुये पैसे हायेत, तू वेचला मोह. मले काहून इचारतेस?” मग जरा वेळाने, “बुड्याले मात्र नाटक आयकू देजो.”

परत येताना तिरोडा स्टेशनवर नेटवर्क आलं. गाडी चाळीस मिनिटं लेट होती. आयपी ५५, खटका असलेली बटणं (टच नको, ओढणी लागली तरी लेक्चर बंद पडतं), किंमत १७९९. पत्ता हॉस्टेलचा टाकला. काळा रंग संपला होता, पांढरा आला. खोलीत आल्यावर पहिलं काम केलं ते कानात बोटं घालून बघायचं. आवाज गुल. स्पीकर आहे, आणि डब्यावरही स्पीकरच लिहिलंय.

मामीला फोटो पाठवला. तिचा उलट व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबड्यांचा आवाज आणि आबाजींचं खोकणं. “चांगला हाय. मार्च मयन्यात येशीन तं घरात चिमणीच्या खिळ्याले लटकवून ठेवजो. अन् वाटंनं मोठ्यानं बोलाचं, मी इचारन तुले तुया कालेजातलं समदं.”